आधीं बोली, मग केरसुणी

दिवाळी जवळ आली कीं घरोघर जळमटें काढण्याची गडबड सुरू होते. पूर्वीं हें काम घरच्या बायका, मुलें आणि वर्षानुवर्षें येणारी कामवाली मिळून करीत. आतां शहरांतून साफसफाईचीं कामें घेणाऱ्या मंडळ्या निघाल्या आहेत. दूरध्वनीवरून दिवस ठरवावा, कीं ठरल्या वेळीं माणसें बादल्या व यंत्रें घेऊन दारांत उभीं. ज्या घरांत सुना नोकरीस जातात आणि म्हाताऱ्या माणसांना शिडीवर चढवत नाहीं, तेथें ही सोय गरजेचीच म्हटली पाहिजे. परंतु सोयीबरोबर एक नवी अडचणहि घरांत शिरली आहे. तिचा अनुभव गतवर्षीं आमच्याच घरीं आला, तो वाचकांस सांगतों.

आमचें घर जुनें. मागील पडवीला व मोरीला शहाबादी फरशी आहे. माझ्या वडिलांनीं ती स्वतः उभें राहून बसवून घेतलेली. धाकट्या सूनबाईंनीं एका मंडळीशीं बोलून दिवस ठरविला. बोलणें काय झालें, तर ‘संपूर्ण घर साफ करून द्यायचें’ आणि त्याचे अमुक रुपये. सकाळीं नऊ वाजतां दोन तरुण मुलगे आले. वहिनींनीं त्यांना माजघरांतील फडताळें दाखविलीं. सूनबाई म्हणाल्या, आधीं स्वयंपाकघर. चिरंजीवांनीं पंखे पुसावयास सांगितलें. आणि मीं माझीं पुस्तकांचीं कपाटें पुढें केलीं. एकत्र कुटुंबांत ही खोड असतेच. घरांत जितकीं माणसें तितके धनी. आणि बाहेरून आलेला मनुष्य प्रत्येकाला ‘हो’ म्हणतो, कारण दुसरें कांहीं म्हणण्याची त्याची प्राज्ञा नसते. दुपारपर्यंत ना माजघर पुरें झालें, ना स्वयंपाकघर.

शेवटीं मोरीची पाळी आली. मीं त्यांतील धाकट्याला म्हटलें, “बाबा रे, फरशी चकचकीत झाली पाहिजे, काळा डाग एकहि राहतां कामा नये.” त्यानें आपल्या डब्यांतील ॲसिड ओतलें. फरशीवर फेस आला. तो पाहून मला समाधान वाटलें, कीं चला, इतक्या वर्षांचा मळ सुटला! फरशी वाळली तेव्हां तिच्यावर पांढुरके, खरबरीत चट्टे उमटलेले दिसले. मी संतापलों आणि त्याच पावलीं मंडळीच्या व्यवस्थापकांना दूरध्वनि केला. ते म्हणाले, “नुकसान त्या मुलाच्या पगारांतून कापून घेऊं.” त्या वेळीं मला हें योग्य वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

रात्रीं जेवतांना दहावींतील नातू म्हणाला, “आजोबा, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड पडलें कीं तो विरघळतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. तो फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता.” म्हणजे वडिलांची फरशी माझ्या डोळ्यांदेखत जात होती आणि मी समाधान मानीत उभा होतों. कडप्पा, संगमरवर आणि संगमरवरी खडे घातलेल्या जुन्या मोझेइक लाद्या यांचीहि हीच गत होते.

मीं पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि हीं तीन लागतात, असें आपलें शास्त्र सांगतें. नुसतें ‘दार’ म्हटलें, तर ऐकणाराला प्रश्न पडतो : उघडूं कीं लावूं? ही जी पुरी न झालेली अपेक्षा, तीच आकांक्षा. हें फळ्यावर लिहून देणाऱ्या मीं त्या मुलाला ‘चकचकीत’ एवढा एकच शब्द दिला. दगड कोणता, त्यावर काय वापरूं नये, हें सांगितलें नाहीं. राहिलेला अध्याहार त्यानें आपल्या परीनें केला. त्याला दगड ओळखतां यावयास हवा होता, हें खरें. त्याच्या मालकांनीं तें त्याला शिकवावयास हवें होतें, हें अधिक खरें. पण दंड भरला तो एकट्यानें. दुसऱ्या दिवशीं मीं पुन्हा दूरध्वनि केला, तोंपर्यंत पगार कापला गेला होता. तेवढी रक्कम त्या मुलाला देऊं लागलों तर तो घेईना. वहिनींनीं दरडावून त्याच्या खिशांत घातली. चट्टे मात्र आहेत तसेच आहेत.

यंदा आम्ही आधीं कागद केला. वहिनींना तें रुचलें नाहीं. “घरीं आलेल्या माणसाशीं कागद कसला करायचा?” असें त्या म्हणाल्या. परंतु कागद म्हणजे अविश्वास नव्हे. घरकाम करणाऱ्यांसाठीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २०११ सालीं जो करार संमत केला, त्याच्या सातव्या कलमांत कामाचें स्वरूप, वेतन, तास, विश्रांति, रजा हें सर्व कामकऱ्याला समजेल अशा रीतीनें, शक्य तर लेखी, कळवावें असें सांगितलें आहे. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला तेव्हां मी विशींत होतों. वेतन आणि रजा ह्या गोष्टी गृहीत धरावयाच्या नसून बोलून ठरवावयाच्या असतात, हें आमच्या घराला तेव्हां प्रथम कळलें. कागदाचा आधार आपल्यापेक्षां त्यांनाच अधिक लागतो.

कागदावर पहिलें वाक्य असें कीं, घरच्या वतीनें फक्त सूनबाई बोलतील. इतरांनीं आपलें म्हणणें त्यांच्याकडे द्यावें. मीहि त्यांतच आलों. मग खोल्यांचा क्रम. जड कपाटें कोणीं सरकवावयाचीं. भांडीं घासणें या कामांत धरलेलें नाहीं. शिडी आमची, फडकीं त्यांचीं. पैसे काम संपल्यावर, त्याच दिवशीं. शहाबादी फरशीस साबण व पाणी यांखेरीज कांहीं लावूं नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधींच आणूं नये, कारण त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो आणि कोंदट मोरींत तो काम करणाराच्याच जिवावर बेतूं शकतो. देवघर आम्ही स्वतः पुसतों. तें आधींच सांगून ठेवावें. आंत पाऊल पडल्यावर ‘अहो अहो’ करून माणसाचा पाणउतारा करूं नये. जेवण दीड वाजतां आमच्याकडे, आणि हातपाय धुण्यास कोणती मोरी तेंहि लिहिलें. पाण्याला निराळा पेला ठेवणारीं घरें अजून आहेत असें ऐकतों. त्यांच्यासाठीं मी हें लिहीत नाहीं.

या खेपेस दुसऱ्या मंडळीचीं माणसें आलीं. त्यांतील वडीलधाऱ्यानें उभ्या उभ्या कागद वाचला, परत एकदां वाचला आणि विचारलें, “आजोबा, माळ्यावरचें सामान खालीं कोणीं काढायचें, आणि परत वर कोणीं ठेवायचें?”

सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं पेन्सिल शोधावयास सुरुवात केली.