आयत तीच, वाचणारे नवे

नागपुरातल्या ताजबाग दर्ग्याच्या उरुसात चादर चढवणाऱ्यांत हिंदू नागपूरकर कमी नसतात. एरवी गप्पांच्या अड्ड्यावर मात्र मुसलमानांविषयी हमखास ऐकू येते, ‘त्यांच्यात सुधारक आहेतच कुठे?’ यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय त्या प्रश्नानेच ठरवला.

सुधारक आहेत, आणि आपल्याच मुलखात आहेत. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. कुराणातल्या आयतींचा कीस पाडण्यात ते अडकले नाहीत; बाईला राज्यघटनेप्रमाणे समान हक्क द्या, ही त्यांची रोखठोक मागणी. असगर अली इंजिनियर यांची वाट वेगळी. काही काळ वर्ध्यात शाळा शिकलेले हे बोहरा गृहस्थ मुंबई महापालिकेत अभियंता होते. न्याय आणि समता ही कुराणाची तत्त्वे सर्वकाळची, पण सातव्या शतकातल्या अरबी समाजाला धरून आलेले आदेश त्या काळासकट वाचावेत, असे ते सांगत.

दलवाई की इंजिनियर, हा वाद आम्हाला पोकळ वाटतो, कारण दोन्ही वाटा एकत्र येऊ शकतात. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पोटगीचे एक प्रकरण पूर्णपीठापुढे आले. नवऱ्याचे म्हणणे, तलाक आधीच दिलाय. न्यायालयाने तेवढ्यावर तो मानला नाही. कुराणाच्या चौथ्या सूरेतली ३५वी आयत दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ नेमायला सांगते. तसा समेटाचा प्रयत्न झाला का, तलाकला सबळ कारण होते का, हे सिद्ध करावे लागेल, असे न्यायमूर्तींनी बजावले. ग्रंथाचा अर्थ आणि देशाचा कायदा, दोन्ही त्या बाईच्या कामी आले.

असा अर्थ लावणे सगळीकडे सोपे नाही. इजिप्तमध्ये कुराणाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणाऱ्या नस्र अबू झैद यांना १९९५ साली न्यायालयानेच धर्मभ्रष्ट ठरवले आणि त्यांचा विवाहही रद्द केला. दोघा पतीपत्नींना नेदरलँड्स गाठावे लागले. इंजिनियर यांच्यावरही इथे हल्ले झाले, बहिष्कार पडला. पण कोर्टाने त्यांचे घर मोडले नाही. हा फरक राज्यघटनेचा आहे, आणि तो टिकवणे बहुसंख्याकांच्या हाती अधिक आहे.

म्हणून या अंकात मुस्लिम लेखक-लेखिकांना बोलते केले आहे. त्यांचे एकमेकांशी पटत नाही, ते तसेच छापले आहे. शेजाऱ्याला टोमणा मारण्यापुरते दलवाईंचे नाव घेणाऱ्यांनी हे लेख आधी वाचावेत.



— संपादक, नागपूर