एक सुलट, एक उलट

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद बाजेला चालते, चटईला चालते, पैठणीला चालते आणि तान्ह्या बाळाच्या टोपड्यालाही चालते. त्यामुळे सुयांवरचे विणकाम म्हणजे नेमके काय, हे नवशिक्याला सहसा कोणी उलगडून सांगत नाही. मागावरच्या कापडात ताणा वेगळा आणि बाणा वेगळा; दोन धागे एकमेकांना आडवेउभे छेदतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्या धाग्याचा एक फास आधीच्या फासातून ओढायचा, त्यातून पुढचा, त्यातून त्याच्याही पुढचा, एवढाच सारा व्यवहार. म्हणून मोजा पायावर ताणला जातो आणि काढल्यावर पुन्हा आपल्या मापावर येतो. म्हणूनच एक टाका सुईवरून निसटला, तर त्याच्या खालचे टाके एकामागून एक शिडीसारखे उसवत जातात. या कलेचा गुण आणि तिचा धोका एकाच जागी आहेत.

हिशेबी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात वाचते काय? प्रामाणिक उत्तर असे की, पैसा वाचत नाही. हिवाळ्यात बाजारात येणारा तयार स्वेटर पुष्कळदा लोकरीच्या गुंड्यांच्या किमतीतच मिळतो, आणि विणणारीचे तास कोणी मोजत नाही. परंतु हाताने विणलेले वस्त्र तोकडे झाले की उसवता येते. धागा धुऊन, वाळवून, त्याचाच पुढच्या वर्षीचा स्वेटर होतो. एकच वस्तू तीनदा वापरणारी ही जुनी रीत संग्रहाला मर्यादा घालू पाहणाऱ्या घरांना परकी नाही. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. ज्या घरात आजी किंवा मोठ्या काकू डोळे मिटूनही टाके घालू शकतात, त्या घरातील ही विद्या पुस्तकात नाही, त्यांच्या बोटांत आहे. बोटे आखडू लागली, नजर मंदावली, की ती विद्या विचारूनही मिळत नाही. नातसुनेने किंवा नातीने (नातवाने का नाही?) शिकायचे, तर आत्ताच शिकावे.

शिकताना आजीच्या समोर बसू नये, शेजारी बसावे. समोरून पाहिले की तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो आणि सारे उलटेच डोक्यात शिरते. डावखुऱ्या मुलीने मात्र समोर बसून आरशाप्रमाणे अनुकरण करावे, किंवा सरळ उजव्या हाताची रीतच शिकावी. या कामात दोन्ही हात राबत असल्याने तीही पुष्कळांना जमते.

धागा कोणता घ्यावा, हा प्रश्न जैन घरात केवळ रंगाचा आणि पोताचा राहत नाही. लोकर मेंढीच्या अंगावरून कातरली जाते; तिच्यासाठी रेशमाप्रमाणे जीव घ्यावा लागत नाही, आणि श्वेतांबर साधुसाध्वींचा ओघाही लोकरीचाच असतो, असे एक मत. दुसरे मत सांगते, की आजची लोकर गावच्या धनगराकडून येत नाही. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या मागच्या भागाची कातडी माश्यांच्या उपद्रवापासून बचाव म्हणून कापून काढण्याची ‘म्युलसिंग’ नावाची प्रथा आहे; न्यूझीलंडने 2018 मध्ये तिच्यावर बंदी घातली. ज्याला लोकर वापरायची आहे, त्याने ती कोठून आली हे विचारून घ्यावे. ज्याला नको आहे, त्याच्यापुढे अ‍ॅक्रिलिक आणि सूत असे दोन मार्ग आहेत. लोकरीवाचून विणकाम अपुरे, असे कोणी म्हणालेच तर हे लक्षात ठेवावे की, आज जगाच्या संग्रहालयांत जपलेले सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमधील आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातील, आणि त्यांतील निळ्या-पांढऱ्या नक्षीचे प्रसिद्ध मोजे सुती आहेत.

आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मागितले जाते, ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच असते. हातविणकामाच्या धाग्याची मोठी पेठ लुधियाना. तेथील ज्या वर्धमान समूहाचे गुंडे घरोघरी पोहोचले, त्याची सुरुवात 1965 साली सूतगिरणीपासून झाली. नाव कोणाचे आहे, ते या वाचकांना सांगायला नको. अ‍ॅक्रिलिक नवशिक्याला सोयीचे आहे: स्वस्त, ताण सहन करणारे, धुण्यास सोपे. मात्र ते आचेने वितळते. स्वयंपाकघरात गरम भांडे उचलण्यासाठी काही विणायचे असेल, तर सुती धागाच घ्यावा. तेथे अ‍ॅक्रिलिक हातावर चिकटून भाजू शकते. सूत मात्र ताणत नाही, त्यामुळे नवख्या बोटांना ते थोडे हट्टी वाटते.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट नंबर छापलेला असतो. कापडाचा किंवा रंगाचा व्यापार असलेल्या घराला हे वेगळे सांगावे लागू नये: रंग तोच, पण घाण दुसरा, तर छटा बदलते. दुकानातल्या दिव्याखाली न दिसलेला फरक स्वेटरच्या छातीवर आडव्या पट्ट्यासारखा उमटतो. म्हणून लागेल तेवढा माल एकाच लॉटचा, एकाच वेळी घ्यावा. दुसरी गोष्ट सुयांची. आपल्याकडे जुने इंग्रजी क्रमांक अजून चालतात आणि त्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते: 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाडीची, 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटर, 12 नंबरची सुमारे पावणेतीन. पहिल्या कामासाठी 8 नंबरच्या सुया, त्यांना साजेसा मध्यम जाडीचा, गुळगुळीत, फिक्या रंगाचा धागा. काळ्या धाग्यावर शिकणे म्हणजे अमावास्येला सुई शोधणे.

सुईवर टाके घालण्याआधी धाग्याचे शेपूट सोडावे लागते. अंगठा आणि तर्जनीच्या रीतीने टाके घालताना हे शेपूट खर्च होत जाते. एका टाक्याला सुमारे 2 सेंटीमीटर आणि वर वीतभर, असा अंदाज धरावा. 30 टाक्यांनी सुरुवात पुरे. टाके सुईवर सहज सरकतील इतके सैल असावेत. नवशिकी भीतीने प्रत्येक टाका आवळते आणि मग दुसऱ्या ओळीत सुईचे टोक आत शिरत नाही. विणकाम सोडून देणाऱ्या पुष्कळजणी येथेच सोडतात. त्यांना वाटते हात जड आहे, आणि खरे तर फक्त गाठ घट्ट असते.

सुलट टाक्यात धागा कामाच्या मागे असतो. उजव्या सुईचे टोक डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घालावे, धागा टोकाभोवती खालून वर गुंडाळावा, तो फास टाक्यातून पुढे ओढून घ्यावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. उलट टाक्यात धागा कामाच्या पुढे आणावा, सुई उजवीकडून डावीकडे टाक्यात अशी घालावी की तिचे टोक पुढच्या बाजूला राहील, धागा टोकावरून गुंडाळून फास मागे ढकलावा आणि जुना टाका सोडावा. हिंदी पुस्तिकांत यांनाच सीधा आणि उल्टा फंदा म्हणतात. सारे विणकाम या दोन टाक्यांचेच आहे. आणि नीट पाहिले तर दोनही नव्हेत. सुलट टाका मागून पाहिला की तो उलट दिसतो. समोरून वेणीच्या पेडासारखा, मागून बारीक आडव्या गाठीसारखा. वस्तू एक, पाहण्याच्या बाजू दोन. अनेकांत समजलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण हे उमगेपर्यंत नमुना वाचता येत नाही.

प्रत्येक ओळ सुलट विणली, तर दोन्ही बाजूंना गाठींच्या रांगा असलेले सपाट, जाडसर कापड तयार होते. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली, तर स्वेटरचे ओळखीचे गुळगुळीत कापड मिळते. पण ते कडांना गुंडाळते, बाजूंनी मागे आणि वरखाली पुढे. ही विणणारीची चूक नव्हे, त्या विणीचा स्वभाव आहे. म्हणून तर कडेला पट्टी घालतात. पट्टीत एकाच ओळीत एक सुलट, एक उलट असे टाके येतात आणि कापड रबरासारखे ताणले जाते. येथे धागा दर टाक्याला सुयांच्या मधून पुढे-मागे न्यावा लागतो. तो न्यायचा राहिला आणि सुईवरून गेला, तर एक टाका वाढतो आणि खाली भोक पडते. हेच भोक ठरवून पाडले की त्याला जाळी म्हणतात.

टाके वाढण्याचे दुसरे कारण ओळीच्या सुरुवातीला असते. धागा वर ओढला गेला की पहिला टाका दोन पायांनी सुईवर बसतो आणि दोन टाक्यांसारखा दिसतो. नवशिकी ते दोन्ही विणते. मग 30 टाक्यांची पट्टी त्रिकोणी होऊ लागते. उपाय दुकानाच्या रोजच्या गल्ल्यासारखाच: प्रत्येक ओळ संपली की मोजणी. पुढे हात बसला की दर चारपाच ओळींनी मोजले तरी चालते. गळलेल्या टाक्यासाठी क्रोशाची सुई जवळ असावी. समोरून तो सुटा फास आकड्यावर घ्यावा, त्याच्या लगतचा आडवा धागा पकडून फासातून ओढावा, आणि असे एकेक पायरी वर चढत टाका पुन्हा सुईवर बसवावा. अवघड भाग सुरू करण्यापूर्वी एखाद्या ओळीतील सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवला, तर उसवताना त्याच्या खाली काही जात नाही.

यापुढची गोष्ट कोणीच आवडीने करत नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. कामाला हात घालण्यापूर्वी त्याच धाग्याने, त्याच सुयांनी एक चौकोन विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मधल्या भागात 10 सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा, सहा महिन्यांच्या बाळाची छाती 44 सेंटीमीटर आहे आणि स्वेटरचा घेर 50 हवा. 10 सेंटीमीटरला 22 टाके बसत असतील, तर एकूण 110 टाके. आता हात थोडा घट्ट असून प्रत्यक्षात 24 टाके बसत असले, तर त्याच 110 टाक्यांचा घेर 46 सेंटीमीटरही भरत नाही. बाळाच्या बंडीवर तो चढणारच नाही. हात सैल असून 20 बसले, तर घेर 55 होतो. दोनचार टाक्यांच्या तफावतीने 9 सेंटीमीटरचा फरक आणि महिन्याभराची मेहनत वाया. पुस्तकातील आकडे पुस्तक लिहिणारीच्या हाताचे असतात. घट्ट हाताने सुई एक नंबर जाड घ्यावी, सैल हाताने बारीक.

हे गणित ज्यांनी सोपे केले, त्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचे नाव मोठे. 1910 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या बाईंनी मोठ्यांच्या स्वेटरसाठी टक्केवारीची रीत रूढ केली. छातीच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के. मनगट त्याच्या 20 टक्के, दंड साधारण 33 टक्के, गळा 40 टक्के. घेर 200 टाक्यांचा असेल, तर मनगट 40, दंड 66, गळा 80. व्यापारी घरातील मुलीला याहून वेगळ्या पुस्तकाची फारशी गरज पडू नये. बाळाला मात्र हे प्रमाण लावू नये. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्याचा स्वेटर पुढून उघडणारा असावा.

बाळासाठी आणखी काही पथ्ये. जाळीची वीण मोजे-हातमोज्यांत नको, तान्ह्याची बोटे तीत अडकतात. टोपड्याला लांब नाडी किंवा गोंडे नकोत. बटण दुहेरी दोऱ्याने पक्के शिवून रोज ओढून पाहावे. सुटलेले बटण थेट तोंडात जाते. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडे ठेवू नये.

शेवटी टाके बंद करायचे: दोन टाके विणावेत, पहिला दुसऱ्यावरून ओलांडून सोडावा, तिसरा विणावा, पुन्हा तसेच. हे काम एक नंबर जाड सुईने करावे, नाहीतर गळ्याची कड चिमटते. धाग्याची टोके कापून टाकू नयेत. बोथट सुईने मागच्या बाजूने वीतभर ओवून मगच कापावीत. खऱ्या लोकरीचे वस्त्र गार पाण्यात, न चोळता धुवावे, अन्यथा ते आटून नमद्यासारखे होते. दोरीवर वाळत घालू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे, आणि सावलीत, सपाट जागी, मापाप्रमाणे हाताने सारखे करून पसरावे.