हॅरीचा बूट कुणाच्या जखमेवर?

‘डर्टी हॅरी’ला टाळ्या पडतात. १९७१ सालचा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक डॉन सीगल, नायक क्लिंट ईस्टवुड. पन्नास वर्षं उलटून गेली तरी टाळ्या थांबत नाहीत. आपली पोरंही वाजवतात. म्हणून हे लिहितोय.

गोष्ट साधी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत स्कॉर्पिओ नावाचा माथेफिरू गच्चीवरून माणसं टिपतो आणि शहराकडं खंडणी मागतो. त्याच्या मागावर इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन. हॅरी वॉरंट न घेता त्याच्या खोलीत घुसतो, मैदानात गोळी घालून त्याला पाडतो आणि जखमी पायावर बूट ठेवून दाबतो. पळवलेली पोरगी कुठाय, बोल! मग सरकारी वकील म्हणतो, पुरावा बेकायदा आहे, आरोपी सोडावा लागेल. बघणाऱ्याचं डोकं सणकतं. शेवटी हॅरी स्कॉर्पिओला ठार मारतो आणि आपला बिल्ला पाण्यात भिरकावून देतो.

सिनेमा बांधलाय पक्का. पण लबाडी कुठाय ते बघा. स्कॉर्पिओ खुनी आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? कॅमेऱ्यानं. खऱ्या चौकीत असा सगळं बघितलेला कॅमेरा नसतो. तिथं असतो फौजदाराचा संशय. आणि संशयाला जात असते, रंग असतो, वस्ती असते. शेडमधून पेटी गायब झाली की गेटवर पहिला खिसा कुणाचा उलटा होतो, हे गोदीतल्या माणसाला विचारावं लागत नाही. कारकुनाचा होत नाही.

आणि एवढा बूट दाबून पोरगी वाचली का? नाही. ती आधीच मेलेली असते. सिनेमा स्वतःच हे दाखवतो, पण टाळ्यांच्या गलक्यात कुणाच्या ध्यानात येत नाही.

तो सरकारी वकील हॅरीला झापताना दोन नावं घेतो. एस्कोबेडो आणि मिरांडा. बघणाऱ्याला वाटतं, ही कायद्याच्या पुस्तकातली कीड. कोण हा मिरांडा? अर्नेस्टो मिरांडा. मेक्सिकन वंशाचा, शाळा अर्धवट सुटलेला, फिनिक्स शहरात माल चढवणारा-उतरवणारा. आपल्याच धंद्यातला माणूस. १९६३ साली त्याला बलात्काराच्या आरोपाखाली धरला. दोन तास बंद खोलीत विचारपूस, मग कबुलीजबाबावर सही. कागदावर आधीच छापलेलं, की मी माझे हक्क जाणून राजीखुशीनं सही करतोय. वकील मागता येतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९६६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की धरलेल्या माणसाला आधी सांगा: तू गप्प राहू शकतोस, वकील मागू शकतोस, ऐपत नसेल तर वकील दिला जाईल.

मिरांडा साधुसंत होता असं मी म्हणत नाही. १९६७ साली कबुलीजबाब बाजूला ठेवून पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. त्या मुलीला न्याय मिळाला, तो बुटाशिवाय मिळाला. पोलिसांना फक्त नीट काम करावं लागलं. सिनेमा हे सांगत नाही.

आता खाडीपलीकडं बघा. समोर ओकलंड. तिथं १९६६ सालीच ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते हेच. त्यांचं सुरुवातीचं काम काय? पोलिसांच्या गस्तीवर गस्त. सोबत बंदूक आणि कायद्याचं पुस्तक. १९६८ च्या एप्रिलात तिथं सतरा वर्षांचा बॉबी हटन पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. १९६९ च्या डिसेंबरात शिकागोत एकवीस वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन पहाटेच्या छाप्यात अंथरुणातच मारला गेला. एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. आणि सिनेमा म्हणतो, कायद्यानं पोलिसांचे हात बांधलेत! कुठले हात, साला? दोनच वर्षांनी पडद्यावर हॅरी जखमी काळ्या दरोडेखोरावर रिव्हॉल्व्हर रोखून थट्टा करतो: आत गोळी उरलीय की नाही, ओळख. आणि घोडा ओढून हसतो.

आपल्याकडं १९७३ सालीच ‘खून खून’ नावानं याची हिंदी नक्कल निघाली. अशा इन्स्पेक्टरला आपला माणूस टाळी का देतो? कारण कोर्टात त्याची चप्पल झिजते, न्याय मिळत नाही. हा राग खरा आहे. पण या रागावर हॅरी आपलं पिस्तूल साफ करतो.

मित्रांनो, आपल्या राज्यघटनेचं कलम २० सांगतं, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. मिरांडाच्या निकालाआधी सोळा वर्षं, १९५० पासून, हे आपल्याकडं लिहिलेलं आहे. साहेबाला त्याची गरज कमी. त्याला चौकीत खुर्ची मिळते, चहा मिळतो. जो भिंतीशी उकिडवा बसवला जातो त्याला हे कलम पाहिजे. कोर्ट हलत नसेल तर कोर्टाशी भांडू, मोर्चा काढू. पण आपल्या हातातला हा एवढासा कागद हॅरीच्या बुटाखाली द्यायचा आणि वर टाळी वाजवायची, हे आपल्याला परवडणारं नाही.