दुसरा ठेला मांडण्यापूर्वी



इतवारीतील एका किराणा व्यापारी बंधूंचे पत्र गेल्या महिन्यात आले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या दुकानातून एक तरुण गेली सहा वर्षे पोहे, हरभरे, तेल आणि मसाला नेतो. सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत तो व त्याची पत्नी तर्री-पोह्याचा ठेला चालवितात. उधारी आठ दिवसांची ठरलेली, आणि ती आजवर एकदाही नवव्या दिवसावर गेलेली नाही. आता त्याला धरमपेठेत दुसरा ठेला मांडायचा आहे व त्यासाठी तीन लाख रुपये हवे आहेत. पत्राच्या शेवटी आमचे बंधू लिहितात, "मुलगा सचोटीचा आहे. त्याची नियत मी सहा वर्षे पाहतो आहे. रक्कम द्यावी ना?"

त्या तरुणाच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती दुसऱ्या ठेल्याविषयी, आणि तिला कारण आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका शाखेचा व्यवस्थापक असताना सिव्हिल लाइन्सच्या बाजूला चहा-कचोरीचा ठेला लावणारा एक गृहस्थ कर्जासाठी आला होता. त्याच्याजवळ रोजच्या विक्रीची वही होती, ही त्या काळी या धंद्यात दुर्मीळ गोष्ट. अक्षर स्वच्छ, बेरीज बिनचूक. वही पाहून मी इतका प्रसन्न झालो, की ती कोणत्या महिन्याची आहे याकडे माझे लक्षच गेले नाही. ती डिसेंबरची होती. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते. आमदार, अधिकारी, पोलीस बंदोबस्त, राज्यभरातून येणारे मोर्चे यांनी विधान भवनाचा सारा परिसर फुलून जातो. त्या दिवसांत तेथे साधे पाणी विकणाऱ्याचाही गल्ला भरतो. त्या आकड्यांवर मी दुसऱ्या ठेल्याचे कर्ज मंजूर केले. पुढे एप्रिल-मे आला. पारा पंचेचाळिसावर गेला की नागपूरकर दुपारी उंबरठा ओलांडत नाही. कचोरी कोण खाणार? नव्या ठेल्यावर ठेवलेला माणूस महिनाभरात निघून गेला, आणि हा एकटा दोन्हीकडे धावता धावता जुन्या गिऱ्हाइकांनाही मुकला. कर्ज त्याने शेवटच्या पैशापर्यंत फेडले, पण आधीचा, चालता ठेला विकून. आमच्या दफ्तरी ते खाते नियमित वसूल झालेले म्हणून बंद झाले. त्या बंद खात्याची आठवण मला आजही अस्वस्थ करते, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती.

म्हणून आमच्या बंधूंच्या प्रश्नाला हात घालण्याआधी मी त्या तरुणाचा रोजचा हिशेब मागवला. आकडे ओळख पटू नये इतपत फिरवून देतो. रोज सुमारे १२० प्लेट, प्लेटला ३० रुपये, म्हणजे विक्री ३,६०० रुपये. शिधा १,६२०. गॅस, पाणी, किरकोळ १८०. हातात १,८०० रुपये. हा आकडा तो नफा म्हणून सांगतो, आणि येथेच पहिली गफलत आहे. पहाटे चारला उठून तर्री करणाऱ्या माणसाला बाहेर ७०० रुपये रोज पडेल. बशा विसळणाऱ्या, गल्ला सांभाळणाऱ्या त्याच्या पत्नीला ४०० तरी द्यावे लागतील. ही १,१०० रुपयांची मजुरी दोघे स्वतःलाच देत आहेत. वहीत ती कोठेही लिहिलेली नाही. धंद्याचा खरा नफा ७०० रुपये.

आता धरमपेठ. तेथे जम बसेपर्यंत १०० प्लेट धरू, म्हणजे ३,००० रुपये. शिधा १,३५०. पगारी माणसाच्या हातून माल अधिक वाया जातो, त्याचे १५०. आचारी ७००, मदतनीस ४००, गॅस आणि ने-आण ३००. बाकी १०० रुपये. तीन लाख रुपये तीन वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,८०० रुपये येतो. महिन्याचे २६ दिवस धंदा धरला तर रोजचे सुमारे ३७५. म्हणजे नवा ठेला रोज पावणेतीनशे रुपयांनी तोट्यात, आणि तो तोटा भरणार आहे इतवारीचा जुना ठेला. शिवाय दोन्ही ठेल्यांची विक्री मिळून वर्षाला साडेवीस लाखांवर जाते. उलाढाल २० लाखांपुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. रेस्टॉरंटांसाठीची कंपोझिशन योजना घेतली तरी उलाढालीच्या ५ टक्के कर आपल्या खिशातून भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. एक ठेला असताना हा प्रश्नच नव्हता.

कोणी म्हणेल, मग मालकाने स्वतः धरमपेठेत बसावे. बसावे, पण मग इतवारीत पगारी आचारी येईल. त्याच्या हातची तर्री पहिल्याच आठवड्यात ओळखू येईल. नागपूरचा माणूस पोह्यांबाबत एखादे वेळी क्षमाशील असेल, तर्रीबाबत नाही.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती व्यापारी मंडळींना बहुधा माहीत नसते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र मिळते; मात्र ते घेताना हमी द्यावी लागते, की धंदा मी स्वतः अथवा माझ्या कुटुंबातील व्यक्तीमार्फत करीन, उपजीविकेचे दुसरे साधन मला नाही, आणि हे प्रमाणपत्र किंवा ही जागा मी कोणालाही, भाड्यानेसुद्धा, देणार नाही. कायद्याने ठेला हा पोट भरण्याचा हक्क मानला आहे, शाखा काढण्याचा परवाना नव्हे. व्यवहारात दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावरची जागा भाड्याने घेऊन तेथे नोकर बसविण्याची पद्धत रूढ आहे. ती रूढ असली तरी कायद्याच्या विरुद्ध आहे. अशा जागेवर लावलेले तीन लाख म्हणजे लेखी आधार नसलेली ठेव. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली तर ज्याच्या नावे जागा आहे तो आपला नाही, आणि जो आपला आहे त्याच्या नावे जागा नाही.

या विषयावर आज बोलायचे तर आपल्याच शहरातील डॉली चायवाला यांचे उदाहरण टाळता येत नाही. सदरच्या बाजूची टपरी, काळा चष्मा, उंचावरून सोडलेली दुधाची धार, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी त्यांच्या हातचा चहा घेतानाची ती चित्रफीत. जुलै २०२५ मध्ये त्यांनी 'डॉली की टपरी' या नावाने फ्रँचायझी देण्याचे जाहीर केले. साध्या गाडीसाठी साडेचार ते सहा लाख रुपये गुंतवणूक असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्या वेळी ओळखीच्या दोन तरुणांनी मला या योजनेविषयी विचारले. मी त्यांना एवढेच विचारले, की लोक तेथे चहासाठी उभे राहतात की चहा देणाऱ्यासाठी? नाव, रंग, मांडणी करारावर मिळते. धार सोडणारा हात करारात येत नाही. तो हात नसताना त्या चौकातल्या माणसाला चहा पुन्हा प्यावासा वाटेल का, याचे उत्तर ज्याचे त्याने त्या चौकात उभे राहून शोधावे.

याउलट मुंबईच्या वडापावाकडे पाहा. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगतात. पुढची पस्तीस वर्षे हजारो गाड्या लागल्या, पण जी ती गाडी आपल्या मालकाच्या हातावर चालली. २००१ मध्ये मालाड स्थानकाबाहेर धीरज गुप्ता यांनी 'जंबो किंग'चे पहिले दुकान काढले, २००४ मध्ये कल्याणला व्यंकटेश अय्यर यांनी 'गोली' सुरू केले. या दोघांनी वडा करण्याचे काम विक्रीच्या खिडकीपासून वेगळे केले. गोलीने तर यंत्रावर तयार करून गोठवलेला वडा दुकानांना पुरविला. दुकानात तो फक्त तळायचा. आपल्या पिढीच्या जिभेला हे रुचेलच असे नाही. मलाही हातचाच वडा आवडतो. पण कल्याणचा वडा आणि दुसऱ्या गावचा वडा सारखा लागावा, ही अडचण त्यांनी आधी सोडविली आणि मग दुकाने वाढविली, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

जागा बदलली की गिऱ्हाईक बदलते, याचाही दाखला शोधायला दूर जायला नको. हल्दीरामांचे मूळ बिकानेरचे, १९३७ सालचे, आणि ख्याती भुजियाची. शिवकिसन अग्रवाल नागपुरात आले तेव्हा येथल्या लोकांना भुजियाचे अप्रूप नव्हते. नागपूरकरांना त्यांनी आपलेसे केले ते काजू कतलीने. आमच्या तरुणाने हे मनावर घ्यावे. इतवारीत सकाळी सातला येणारा हमाल किंवा मालवाहू गाडीचा चालक पोटभरीसाठी खातो; त्याला पोह्यांवर तर्री दुसऱ्यांदा हवी असते, आणि झणझणीत हवी असते. धरमपेठेत नऊला येणारा विद्यार्थी किंवा फिरून परतणारे काका निम्मी तर्री, वर शेव आणि बसायला खुर्ची मागतील. आपल्या समाजातील घरांची मागणी आणखी निराळी: कांदा, लसूण, बटाटा नको, आणि भांडीही वेगळी हवीत. ही मागणी खरी आहे, तिला चांगला दामही मिळतो. पण एकाच ठेल्यावर, एकाच झाऱ्याने ती पुरी होत नाही, आणि "चालेल हो" म्हणून पुरी केल्याचे दाखविणे हा विश्वासघात होईल.

आता आमच्या बंधूंना माझे उत्तर. रक्कम द्या, पण ठेल्यासाठी देऊ नका. आपल्या गोदामामागे एक खोली बऱ्याच वर्षांपासून रिकामी आहे असे आपण पत्रात ओझरते लिहिले आहे. ती त्याला रीतसर भाडेकराराने द्या. तेथे मोठी शेगडी, दोन मोठी पातेली, झाकणाचे स्टीलचे डबे आणि एक वजनकाटा येऊ द्या. वजनकाटा विशेष महत्त्वाचा. "अंदाजाने मूठभर" हे त्याच्या मसाल्याचे माप आहे तोवर त्याचा धंदा त्याच्या मुठीएवढाच राहील. तर्री तेथे पहाटे एकदाच व्हावी, मापाने व्हावी, आणि त्याच्या पत्नीलाही ती तशीच करता यावी. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी त्या स्वयंपाकघराची वेगळी करावी लागेल, पुढे जेथे विक्री होईल तेथलीही वेगळी.

तयार तर्री जाऊ लागली की धरमपेठेत आचारी लागत नाही. पोहे परतून द्रोणात वाढणारा ५०० रुपयांचा एक नीटनेटका माणूस पुरतो. वरचाच हिशेब पुन्हा मांडा: ३,००० मधून शिधा १,३५०, नासाडी ५०, माणूस ५००, गॅस आणि ने-आण ४००, उरतात ७००. त्यातून जागेचे भाडे आणि हप्ता निघायचा आहे, म्हणजे श्रीमंती नाही. पण आधीच्या १०० रुपयांपेक्षा ही जमीन बरीच घट्ट आहे. ती जागाही पदपथावरची नको. एखाद्या दुकानाचा ओटा किंवा छोटा गाळा, कराराने घेतलेला असावा.

तेही लगेच नको. आधी सहा महिने रविवारी एका गृहसंकुलात, इतर दिवशी एखाद्या कार्यालयाच्या उपाहारगृहात डबे पोहोचवून पाहावे. डबे रिकामे परत येतात की अर्धे भरलेले, हे स्वतः उघडून पाहावे. यासाठी लागणारे किरकोळ भांडवल त्याने 'पीएम स्वनिधी'तून उचलावे. २०२० साली ही योजना १०,००० रुपयांच्या पहिल्या कर्जाने सुरू झाली. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिले कर्ज १५,०००, ते फेडल्यावर २५,००० आणि नंतर ५०,००० असे टप्पे आहेत, शिवाय वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. रक्कम लहान वाटेल. पण आपल्या वहीतली त्याची सचोटी आज फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. हे हप्ते वेळेवर फिटले की ती बँकेलाही कळेल, आणि पुढच्या खेपेला त्याला केवळ आपल्याच दारी यावे लागणार नाही. आपल्यालाही ते सोयीचे. माल उधार देणारा आणि भांडवल देणारा एकच असला, की वसुलीच्या वेळी मन आणि हिशेब यांची ओढाताण होते, हे आपणास मी काय सांगावे!

तूर्त एकच करा. त्याने मला पाठविलेली वही जानेवारीची आहे. त्याच्याकडून गेल्या मे महिन्याची मागवा. नसेल, तर येत्या मेपर्यंत थांबा आणि त्याला रोज लिहायला सांगा, दोघांच्या मजुरीसह. ती वही हाती आली की मला कळवा. आपल्या दुकानी गादीवर बसून पुढचा हिशेब आपण तिघे मिळून करू.