घरकर्जातील छुपी दलाली

घर पाहावे बांधून, ही म्हण रूढ झाली त्या काळी घर बांधणाऱ्याचा जीव चुना, लाकूड आणि गवंडी यांच्यापायी मेटाकुटीस येत असे. आजच्या नोकरदाराची गवंड्याशी गाठही पडत नाही. त्याचा जीव कागदपत्रांपायी मेटाकुटीस येतो. घर पसंत पडते, विसार दिला जातो, कर्ज मंजूर झाल्याचे कळते. आणि कराराची तारीख चार दिवसांवर आली असता कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ आपल्या ‘सेवाशुल्का’चा आकडा सांगतो. पहिल्या भेटीत हा आकडा त्याने उच्चारलेला नसतो. किंबहुना, आम्हाला बँकच देते, तुम्हाला काही पडत नाही, असेच त्याने अनेकदा सांगितलेले असते.

या आकड्याची झळ किती असते हे समजण्यास साधा हिशेब पुरेसा आहे. ५० लाखांच्या घरासाठी, रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे, किमतीच्या ८० टक्के म्हणजे ४० लाखांपर्यंतच कर्ज मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा समावेश या किमतीत करता येत नाही. म्हणजे १० लाख रुपये पदरचे, आणि मुद्रांक शुल्काचे अडीच-तीन लाख त्यावर. बँकेचे प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का धरले तरी २० हजार आणि त्यावरील १८ टक्के कराचे ३,६०० रुपये होतात. भविष्य निर्वाह निधीतील उचल, पतसंस्थेचे कर्ज आणि घरातील सोने या सर्वांचा मेळ घालून एखादा शिक्षक किंवा कारकून ही रक्कम कशीबशी उभी करतो. ती उभी झाल्यानंतर मध्यस्थाने कर्जाचा एक टक्का मागितला, तर आणखी ४० हजार रुपये चार दिवसांत कोठून आणावयाचे?

तरीही तो ते आणतो, कारण नाही म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते. करार ठरल्या दिवशी झाला नाही तर विसार बुडण्याची भीती असते. दुसऱ्या बँकेकडे नव्याने अर्ज करावयाचा तर कित्येक आठवडे जातात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हा अनुभव येथे शब्दशः येतो. मध्यस्थाने मोबदला मागावा यात गैर काही नाही. गैर आहे ती मागण्याची वेळ. नाकारण्याची मोकळीक असताना सांगितलेली रक्कम ही किंमत होय; ती मोकळीक संपल्यावर सांगितलेली रक्कम ही खंडणीच्या जवळ जाते.

घरकर्जाचे अनेक खर्च रास्त आहेत, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मालकीहक्काचा वकिलाने केलेला तपास किंवा तज्ज्ञाने केलेले मूल्यमापन यांत कर्जदाराचेही हित असते. हक्कपत्रे ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, आणि तिची फी व मुद्रांक शुल्क द्यावेच लागते. अडचण अशी की, या खऱ्या सरकारी खर्चांच्या आडोशालाच मध्यस्थाची दलाली उभी राहते. ‘रजिस्ट्रेशन व इतर’ अशा एका ओळीत ठोक रक्कम मांडली जाते. तिच्यातील सरकारी तिजोरीत किती गेले आणि मध्यस्थाच्या खिशात किती राहिले, हे पावतीखेरीज कळण्यास मार्ग नसतो. कर्जासोबत विमा घेतलाच पाहिजे असे सांगून त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिसळण्याची रीतही याच जातीची. तसा कोणताही कायदा नाही.

रिझर्व्ह बँकेने या दुखण्यावर एक चांगला उपाय केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदारास ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले. ते त्यास समजणाऱ्या भाषेत असावे, आणि त्यावर विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असा नियम आहे. विमा, वकील आदी त्रयस्थांसाठी बँकेने वसूल केलेला खर्चही वार्षिक टक्केवारीत धरून त्यात दाखवावा लागतो व त्याची पावती द्यावी लागते. सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, या विवरणात नसलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीखेरीज बँकेस पुढे केव्हाही आकारता येत नाही. हा कागद मराठीत मागून घेण्याचा हक्क किती कर्जदार बजावतात, हा प्रश्न मात्र ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

तथापि, या बंधाऱ्यास एक भगदाड राहिले आहे. विवरण बांधते ते कर्ज देणाऱ्या संस्थेस. बँकेने नेमलेल्या एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवर असते, आणि त्याचा मोबदलाही बँकच देते. त्याने कर्जदाराकडूनही पैसे घेतले तर ती एकाच कामाची दुहेरी दलाली होय. परंतु स्वतःस ‘लोन सल्लागार’ म्हणविणाऱ्या स्वतंत्र मध्यस्थाची नोंद कोठेच नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घरविक्रीच्या दलालास नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात तर त्यास परीक्षाही द्यावी लागते. घर दाखविणारा नोंदणीकृत, आणि वीस वर्षांचे कर्ज गळ्यात घालणारा बेवारस, ही विसंगती आहे.

मध्यस्थांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कंत्राटी शिक्षक, छोटे दुकानदार, नियमित पगारपत्रक नसलेले कामगार यांना बँकेच्या खिडकीवर पुरते उत्तरही मिळत नाही. त्यांचे कागद जुळवून देणारा माणूस खरोखरच काम करतो, आणि त्याचे मोल त्यास मिळावे. मात्र ते मोल पहिल्या दिवशी, लेखी आणि आकड्यात सांगण्यात त्याचे काय बिघडते? जो ते सांगण्यास कचरतो, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा राहते.

म्हणूनच दोन गोष्टी व्हावयास हव्यात. हे कर्ज कोणाच्या मध्यस्थीने आले आणि अर्जदाराने त्यास किती रक्कम दिली वा कबूल केली, हा प्रश्न प्रत्येक कर्जअर्जात असावा व त्याचे उत्तर मुख्य तथ्य विवरणात नमूद व्हावे. रिझर्व्ह बँकेने मनात आणले तर एका परिपत्रकाने हे होऊ शकेल. दुसरे, स्वतंत्र मध्यस्थांची नोंदणी व्हावी आणि लेखी करार नसलेली दलाली मागण्याचा हक्क त्यांना नसावा.

तोवर कर्जदाराने आपली सावधगिरी आपणच बाळगावी. विसार देण्यापूर्वी मध्यस्थाचा आकडा लेखी घ्यावा. रोख रक्कम देऊ नये. प्रत्येक सरकारी शुल्काची पावती मागावी. आणि विवरणाबाहेरचे शुल्क बँकेने मागितल्यास प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि पगारदारांच्या पतसंस्थांनी आपल्या सभासदांचे हे कागद तपासून देण्याची सोय केली, तर वेतनवाढीच्या एखाद्या मागणीइतकाच तिचा उपयोग होईल. भाव आधी सांगावा आणि माल मागून द्यावा, ही रीत मंडईतील भाजीवाली रोज पाळते. आयुष्यभराची कमाई ज्या व्यवहारात ओतली जाते, तेथे याहून कमी सचोटी चालवून घेण्याचे कारण नाही.