आधी लिहू, मग बोलू

वर्गात चर्चा सुरू झाली की पुढच्या बाकांवरचे चार-पाच जण बोलतात, बाकीचे माना डोलावतात. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गुगल क्लासरूम, मीट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आपल्या अभ्यासात शिरले आणि वर्ग पुन्हा भरल्यावरही राहिले. माझं मत आहे, साहित्याच्या वर्गासाठी ते जरूर वापरावेत. पण आधी ग्रुपवर लेखी चर्चा आणि नंतर वर्गात तोंडी, या क्रमानं.

बीदर-कलबुरगीकडे आपल्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, शाळा बऱ्याच जणांची कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमाची. "माझं मराठी चुकलं तर सगळे हसतील" या भीतीनं कितीतरी जण गप्प बसतात. त्यांना एक रात्र मिळाली की तेच कवितेवर असं लिहितात, की पुढच्या बाकांनीही विचार करावा.

कुणी म्हणेल, मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात. लिहू द्या ना! फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरीची सवय हळूहळू होईल. फोनवर मराठीत बोलून टाइप करायची सोय तर २०१७ पासून आहे.

खरी अडचण नेटवरून उचललेल्या उत्तरांची. म्हणूनच तोंडी चर्चा सोडून चालणार नाही. ज्यानं लिहिलं त्यानं वर्गात दोन मिनिटं उभं राहून मुद्दा सांगावा, प्रश्न घ्यावेत. उसनं उत्तर पहिल्याच "का?" ला अडखळतं. आणि ज्यांच्या घरी सगळ्यांत मिळून एकच फोन, त्यांचं वहीतलं पानही तितकंच धरावं.

आपल्या बसवकल्याणचा अनुभव मंटप बाराव्या शतकातला. अल्लमप्रभू, अक्का महादेवी आणि नाना व्यवसायांचे शरण तिथं चर्चा करत, असं परंपरा सांगते. वचन म्हणजे बोललेलं. ते ताडपत्रांवर उतरलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. बोलणं आणि लिहिणं दोन्ही लागलंच की!

आपल्या मंडळानं पुढच्या कवितेपासून हे करून बघावं: तीन दिवस ग्रुपवर लेखी चर्चा, चौथ्या दिवशी वर्गात. आणि बोलायची पहिली संधी मागच्या बाकांना.