भाऊबीजेपासून शिमग्यापर्यंत

झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडयांनी, म्हणजे गावोगावच्या जत्रांनी, उघडतो आणि शिमग्याच्या सुमारास आटोपतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला, वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे सरकारी दप्तरातले देसाईगंज, ही या रंगभूमीची पेठ. नाट्यकंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि तारखा तिथेच ठरतात. नाटक बहुधा तीन अंकी असते, त्यात गाणी असतात, लावणी असते. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवर आयुष्य काढलेले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

एवढ्या मोठ्या हंगामाची दखल राज्याच्या नाट्यचर्चेत जवळजवळ घेतली जात नाही. मुंबई-पुण्यात नवे नाटक येणार असले की मुहूर्तापासून बातम्या सुरू होतात. पहिल्या प्रयोगाची परीक्षणे येतात, शंभराव्या प्रयोगाचे सोहळे छापून येतात. झाडीपट्टीत हिवाळ्यातल्या एकेका रात्री गावोगाव पडदे उघडतात आणि त्यांतल्या एकाही नव्या नाटकाचे परीक्षण राज्यभरच्या वाचकापर्यंत पोहोचत नाही. उल्लेख झालाच तर लोककला म्हणून होतो, नाहीतर हौशी मंडळींचा उत्साह म्हणून. हे वर्गीकरण चुकीचे आहे. दंडार आणि खडीगंमत या इथल्या लोककला आहेत आणि या रंगभूमीची मुळे त्यांच्यात आहेत हेही खरे. पण आज वडशातून जे नाटक निघते ते पूर्णपणे व्यावसायिक आहे.

त्याचा व्यवहार पाहिला की हे पटते. कंपनी आपला प्रयोग ठोक रकमेला विकते. तो विकत घेते गावातले मंडळ. जागा, मंडप, दवंडी, तिकीटविक्री, बंदोबस्त ही सगळी मंडळाची जबाबदारी. नट, नेपथ्य, वादक आणि प्रकाशयोजना घेऊन वेळेवर पोहोचणे ही कंपनीची. नटाला पैसे मिळतात ते नाइटच्या, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाच्या, हिशेबाने. तिकिटे खपली नाहीत तर खोट मंडळाला बसते. चार पैसे उरले तर ते देवळाच्या बांधकामाला, शाळेला किंवा गावच्या एखाद्या कामाला लागतात. शहरातला निर्माता नाट्यगृहाच्या भाड्याखाली दबलेला असतो. इथे नाट्यगृहच नाही. धान कापून मोकळे झालेले शिवार किंवा गावालगतचे पटांगण हेच नाट्यगृह. अनुदानाची वाट न पाहता वर्षानुवर्षे चालणारा हा धंदा आहे, आणि तो चालतो कारण प्रेक्षक तिकीट काढतो.

हंगामाचे वेळापत्रक धानाने ठरवलेले आहे. पीक हाती आले की हातात पैसा येतो, आणि पाठोपाठ मंडया भरू लागतात. प्रत्येक गावाची मंडईची तिथी वेगळी, म्हणजे एका गावाचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यजमान होऊ शकतात. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री सगळे गोतावळ्यासह नाटकाला जातात. पुढे शंकरपटांचे दिवस येतात. दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, असा जोडकार्यक्रम. मोठ्या पटाच्या गावी एकाच रात्री दोन-तीन नाटके लागतात आणि प्रेक्षक कोणत्या मंडपात जातो यावर कंपनीचे पुढच्या वर्षीचे भाव ठरतात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पट नव्हते, तरी त्यामुळे नाटके थांबली नाहीत. ज्यांना हे नाटक जत्रेची पुरवणी वाटते, त्यांच्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

वडशातल्या कंपनीच्या कार्यालयात या व्यवहाराचे खरे रूप दिसते. दिवाळीपूर्वीच दर्शनी भागात फलक लागतात: वर नाटकाचे नाव ठसठशीत अक्षरांत, खाली कलावंतांचे चेहरे ओळीने, आणि सर्वांत खाली संपर्काचे क्रमांक. आत टेबलावर तारखांची वही. गावाकडून आलेली तीन-चार माणसे आधी फलक निरखतात. नायिका कोण, विनोदी नट कोण, गाणारा कोण, हे विचारून झाल्यावरच पैशांची गोष्ट निघते. काही स्थानिक नटांच्या नावावर तारीख जाते. काही मंडळांना मालिकांमध्ये दिसलेला मुंबईचा चेहरा हवा असतो. रक्कम ठरली, इसार दिला की वहीत गावाचे नाव चढते.

कलावंत ठिकठिकाणचे असल्यामुळे सलग तालमी फारशा होत नाहीत, आणि म्हणून प्रॉम्प्टर हा या नाटकाचा कणा असतो. वही मांडीवर घेऊन तो रात्रभर सावध बसतो. नट नवखा असेल तर अख्खे वाक्य द्यायचे, मुरलेला असेल तर पहिले दोन शब्द, आणि प्रेक्षक हसत असतील तर थांबायचे, एवढे तारतम्य त्याला लागते. शहरी समीक्षकाला ही उणीव वाटेल. प्रत्यक्षात रात्र रात्र नाटक उभे ठेवणारे हे स्वतंत्र कसब आहे.

याहून मोठे कसब गाण्याचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० मध्ये मराठी संगीत नाटकाचा पाया घातला आणि पुढची पन्नास वर्षे गाणारा नट हाच मराठी रंगभूमीचा राजा होता. बालगंधर्वांचे नाव आजही त्यासाठीच घेतले जाते. शहरांत ही परंपरा आता महोत्सव, स्पर्धा आणि जुन्या नाटकांच्या पुनरुज्जीवनापुरती उरली आहे. संगीत नाटक संपल्याची हळहळ व्यक्त करणारे लेख दरवर्षी येतात, पण ते लिहिणाऱ्यांची नजर नागपूरच्या पूर्वेला जात नाही. झाडीपट्टीत नव्या नाटकात नवी गाणी घालणे ही आजही रोजची रीत आहे आणि गळा असलेल्या नटाचा भाव आजही चढा असतो.

वादक मंचासमोर, प्रेक्षकांच्या बाजूला बसतात. नट समोर दिसत असल्याने ऑर्गनवाल्याला त्याचा श्वास कळतो. थंडीने आवाज बसला असेल तर तो न सांगता पट्टी उतरवतो. संवाद टिपेला पोहोचला की तबल्याची थाप त्याला उचलून धरते आणि तिथूनच गाणे सुरू होते. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले, हा सांधा कळू न देणे यात त्यांची कसोटी. आता ऑर्गनच्या जोडीला किंवा त्याच्या जागी सिंथेसायझर आला आहे, ऑक्टोपॅड आला आहे. त्यामुळे रंग बदलला, पण वादक अजूनही प्रत्यक्ष बसून नटाबरोबर वाजवतात. ध्वनिमुद्रित संगीतावर चालणाऱ्या शहरी नाटकाने ही गोष्ट जवळजवळ गमावली आहे.

या सगळ्याची नोंद मात्र अपुरी आहे. बहुतेक संहिता छापल्या जात नाहीत. त्या कंपन्यांच्या वह्यांत राहतात आणि हंगाम बदलला की मागे पडतात. चाली तर वादकांच्या डोक्यातच असतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, दारू, हुंडा, अंधश्रद्धा, नक्षलवाद या विषयांवर या मुलखाने स्वतःशी काय संवाद केला, याचा दस्तऐवज त्या वह्यांमध्ये आहे. शिमग्यानंतर नाइट बंद होतात आणि ज्यांच्याकडे दुसरे उत्पन्न नाही ते कलावंत शेतीच्या किंवा मजुरीच्या कामाला लागतात. म्हातारपणी त्यांच्यापाशी ना वही उरते, ना कात्रण. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. संहिता गोळा करणे, चाली ध्वनिमुद्रित करणे, जुन्या नटांच्या मुलाखती घेणे यासाठी याहून जवळची जागा नाही. वृत्तपत्रांचे काम त्याहून सोपे आहे: येत्या हंगामातल्या नव्या नाटकांची यादी लेखक, दिग्दर्शक आणि संगीतकारांच्या नावांसह छापावी, आणि त्यांतल्या काहींना परीक्षक पाठवावा.